लेकॉकच्या कुडाच्या भिंती

इंग्लंडला लेकीकडे जाऊन आलं की बेळगावात पहिला प्रश्न ठरलेला, "काय काय बघितलंत?" लंडनचा पूल, राणीचा राजवाडा, मोठं घड्याळ अशी नावं घेतली की विचारणाऱ्याचं समाधान होतं. मलाही ती नावं घेता येतात. पण खरं विचाराल तर त्या दोन महिन्यांतली एकच गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ती म्हणजे एका खेड्यातल्या घराची भिंत, आणि तीही कुडाची!

हे नीट कळायला आधी आमच्या घरचं थोडं सांगायला हवं. माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर खानापूर तालुक्यातलं. सासूबाई बैलहोंगलकडच्या, त्यामुळे आमच्या घरात चहा मराठीत मागतात आणि रागावतात कानडीत. गावात आमचा जुना वाडा आहे. पुढे सोपा, मग माजघर, वर माडी, मागे परडं. दिरांची नि आमची मुलं नोकरीला बाहेर पडली आणि सासूबाई आमच्याकडे बेळगावला आल्या, तेव्हापासून वाड्याला कुलूप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जो पाऊस झाला तो तुम्हाला आठवत असेलच. त्या पावसात वाड्याची मागची भिंत बसली. तेव्हापासून घरात एकच विषय. थोरले दीर म्हणत, "पाडून आरसीसी करू." धाकटे म्हणत, "विकून मोकळे होऊ." आमचे हे काहीच म्हणत नसत. सासूबाईंना विचारलं की त्या एवढंच म्हणायच्या, "मनि ऐति, मंदि इल्ल." घर आहे, माणसं नाहीत. त्यावर कोण काय बोलणार?

हे ओझं डोक्यात घेऊनच २०२३ च्या जूनमध्ये मी लेकीकडे गेले.

चार रस्त्यांचं गाव

लेक स्विंडनला असते. या शहरात गोव्याची माणसं इतकी, की भाजी घ्यायला गेलं तरी कोकणी कानावर पडते. एका रविवारी जावई म्हणाले, "आई, तुम्हाला जुनी घरं आवडतात ना? चला, पाऊण तासावर एक गाव आहे." विल्टशर परगण्यात, चिपेनहॅमपासून पाचेक किलोमीटरवर असलेलं हे गाव म्हणजे लेकॉक.

गाव केवढं? चार रस्ते चौकोनात जोडलेले, की झालं गाव. रुंद हाय स्ट्रीट, चर्चकडे जाणारा चर्च स्ट्रीट, आणि पूर्वेचा नि पश्चिमेचा असे आणखी दोन. कडेनं एक ओढा वाहतो, त्याच्या उथळ पाण्यातून गाड्या पलीकडे जातात. रस्त्यावर उभं राहिलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. काय ते थोड्या वेळानं कळतं. डोक्यावर एकही तार नाही! विजेचा खांब नाही, छपरावर अँटेना नाही. वीज घराघरात आहे, पण तारा जमिनीखालून नेल्या आहेत. म्हणून तर १९९५ साली दाखवल्या गेलेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या मालिकेचं चित्रीकरण बीबीसीनं इथे केलं. पुढे हॅरी पॉटरच्या सिनेमांसाठीही इथला मठ आणि गाव वापरलं. माझ्या नातीला त्याचंच कौतुक. ती खांबाखांबाला विचारत होती, "अज्जी, हॅरी इथे उभा होता का?"

माझं लक्ष मात्र घरांकडे. काही दगडी, काही विटांची, आणि काही लाकडी चौकटीची. ओकच्या काळपट तुळया, त्यांच्या मधे पांढरा गिलावा, कुठे माडी रस्त्यावर पुढे आलेली, कुठे वयानं एका अंगाला कललेली. चर्च स्ट्रीटवर एक घर आहे, त्याच्या बाजूच्या भिंतीत जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत गेलेली दोन वाकडी लाकडं दिसतात. वाकड्या वाढलेल्या झाडाचं खोड उभं चिरायचं, त्याचे दोन अर्धे एकमेकांकडे झुकवून वर जोडायचे आणि त्यावर अख्खं छप्पर पेलायचं, अशी ही जुनी पद्धत. लोखंडाचा खिळा नाही. खाचेत लाकूड बसवून लाकडाचीच खुंटी ठोकायची. आपल्याकडे वाकडं लाकूड चुलीत जातं, इथे त्यानं घर उभं केलं.

पुढे एका घराचं काम चालू होतं. गिलावा काढून एक चौकट उघडी केली होती आणि आत काय दिसावं? झाडाच्या बारीक फांद्यांचं विणकाम. त्यावर माती, चिरलेलं गवत आणि शेण कालवून थापलेलं. मी लेकीचा हात धरला. "अगं, हा तर आपला कूड!" आमच्या वाड्याच्या मागल्या सोप्याला हाच कूड होता. आम्ही तो गरिबीची खूण म्हणून चारचौघांत सांगत नव्हतो. इथे त्याच कुडासाठी परदेशातून माणसं तिकिटं काढून येत होती.

काम करणारा गवंडी वयस्क होता. लेकीनं त्याला मी काय म्हणते ते सांगितलं. तो हसला आणि एक घमेलं दाखवलं. त्यात चुना होता. जुन्या भिंतीला सिमेंट का लावत नाहीत, हे त्यानं समजावून सांगितलं. जुनी भिंत पावसात ओल पिते आणि उन्हात सोडते. चुन्यातून ती ओल बाहेर पडते. वरून सिमेंट लावलं की बाहेरची वाट बंद होते, ओल आतच कोंडते. मग दगडाचे पापुद्रे निघतात आणि आतलं लाकूड कुजतं. वरून भिंत मात्र छान गुळगुळीत दिसत राहते.

मी गप्प झाले. आमच्या वाड्याला खूप वर्षांपूर्वी 'मजबुतीसाठी' आम्हीच हौसेनं सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. त्या पावसात बसली ती त्याच गिलाव्याची भिंत.

एका बाईनं बांधलं

गावाच्या टोकाला लेकॉक अ‍ॅबे, म्हणजे जोगिणींचा मठ. तो बांधला एका बाईनं. सॅलिसबरीची काउंटेस एला हिनं १२३२ साली त्याचा पाया घातला. नवरा १२२६ साली गेला होता. बाई मोठी कर्तबगार. नवऱ्यामागे तिनं विल्टशरचं शेरीफपद, म्हणजे राजाच्या वतीनं परगण्याचा कारभार, स्वतः पाहिला. तेराव्या शतकात, एका विधवेनं! पुढे ती याच मठात दाखल झाली, मठाची प्रमुख झाली आणि १२६१ साली इथेच वारली. ओवरीसारख्या सोप्यात तिच्या नावाचा दगड आहे. वर कमानींचं छत, कमानी जिथे एकत्र येतात तिथे दगडात कोरलेले माणसांचे, प्राण्यांचे चेहरे.

जोगिणींच्या शेकोटीच्या खोलीत एक भलीमोठी धातूची कढई ठेवली आहे. १५०० साली ओतलेली, आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेन गावच्या कारागिराची. तिच्यापुढे मी बराच वेळ उभी होते. लग्नाच्या पंगतीच्या काइलीची आठवण कुणाला होणार नाही?

आठव्या हेन्री राजानं मठ बंद केले, त्यात १५३९ साली हाही बंद झाला. दुसऱ्या वर्षी विल्यम शॅरिंग्टन नावाच्या सरदारानं तो ७८३ पौंडांना विकत घेतला. मठाचं चर्च त्यानं पाडलं, पण बाकीच्या ओवऱ्या आणि खोल्या तशाच ठेवून वर आपलं घर थाटलं. सगळं पाडून नवं बांधायला त्याला कोणी अडवणारं नव्हतं. आळसानं म्हणा, काटकसरीनं म्हणा, त्यानं वापरता येईल ते ठेवलं. म्हणून आज तेराव्या शतकाची जमीन आणि सोळाव्या शतकाचा मनोरा एकाच घरात आहे.

लग्नसंबंधानं हे घर टॉल्बट घराण्याकडे आलं. त्यातल्या विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट या गृहस्थानं १८३५ च्या ऑगस्टमध्ये दिवाणखान्याच्या एका खिडकीचं छायाचित्र घेतलं. आज उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह ती हीच. आकारानं टपालाच्या तिकिटाएवढी. पहिल्यांदा केली तेव्हा भिंगातून खिडकीच्या सुमारे २०० काचा मोजता येत होत्या, असं त्यानं शेजारी लिहून ठेवलं. त्याच्या लाकडी कॅमेऱ्यांच्या डब्या घरभर पडलेल्या असत. बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. नवरा शास्त्रज्ञ असला तरी पसारा आवरणारीचा सूर सगळीकडे सारखाच!

ती खिडकी अजून तिथे आहे. साधी, पुढे आलेली, चौकोनी काचांची. नातीनं तिचा मोबाइलवर फोटो काढला. ज्या खिडकीपासून हा खेळ सुरू झाला तिच्यासमोर नात उभी राहून फोटो काढते आहे, हे बघून मला उगीचच भरून आलं.

कोठार, कोठडी आणि कुत्र्याचं चाक

मठ पाहून परत गावात आलो. ईस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर चौदाव्या शतकातलं दगडी कोठार आहे. कुळांनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा इथे आणून घालायचा. धान्य, लोकर, कातडी, जे असेल ते. आत शिरलं की वर नजर जाते, लाकडी कमानींची रांग उलट्या ठेवलेल्या होडीसारखी दिसते. त्याला चिकटूनच अठराव्या शतकातली एक बिनखिडकीची कोठडी आहे. तिला 'आंधळं घर' म्हणतात. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला रात्रभर आत घालायचे. आमच्या ह्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडे एक पुरायची नाही."

वेस्ट स्ट्रीटवरच्या 'जॉर्ज' या जुन्या खाणावळीत चुलाण्याजवळ एक लाकडी चाक आहे. त्यात छोटं कुत्रं पळवायचे, चाक फिरलं की विस्तवावरची मांसाची सळई फिरायची. मालकाला बसून राहता यावं म्हणून कुत्र्यानं धावायचं. बिचारं!

गाव एवढं सधन कशानं झालं, तर लोकरीनं आणि कापडानं. मध्ययुगात इथे आठवड्याचा बाजार भरे, घरोघरी माग चालत. पुढे कापडाच्या गिरण्या दुसरीकडे गेल्या आणि गावाचा पैसा आटला. नवी घरं बांधायला कुणाकडे काही उरलं नाही, आणि जवळजवळ सारं गाव एकाच घराण्याच्या मालकीचं असल्यानं तुकडे पाडून विकलंही गेलं नाही. म्हणजे जे सौंदर्य म्हणून आपण बघायला जातो, त्याच्यामागे दोनशे वर्षांची ओढगस्त आहे. हे कुठल्या पोस्टकार्डावर लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या बाईनं देऊन टाकलं

१९१६ साली फॉक्स टॉल्बटचा मुलगा चार्ल्स निपुत्रिक वारला आणि मठ, गाव, सारी मालमत्ता त्याची भाची मटिल्डा हिच्या नावे झाली. तिनं आईकडचं टॉल्बट आडनाव लावलं. तीही अविवाहित. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, तिनं मठ आणि जवळजवळ अख्खं गाव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं. १८९५ साली स्थापन झालेली ही संस्था जुन्या वास्तू आणि जमिनी सांभाळते. मठात १२२५ सालच्या मॅग्ना कार्टाची एक प्रत शतकानुशतकं जपलेली होती. तीही मटिल्डाबाईंनी ब्रिटिश म्युझियमला दिली, आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

एका बाईनं बांधलं, सातशे वर्षांनी दुसरीनं आपल्या हातानं सोडलं. सोडलं म्हणून राहिलं. वाटण्या झाल्या असत्या तर आज काय असतं, हे आम्हा वाडेवाल्यांना सांगायला नको.

पण हे सारं फुकट नाही. इथली बहुतेक घरं ट्रस्टची, माणसं भाडेकरू. पिढ्यान्‌पिढ्या राहिलात तरी घर तुमच्या नावावर होत नाही. जुन्या घरांना सरकारी यादीचंही संरक्षण आहे. तिकडे १९४७ च्या कायद्यानं अशा वास्तूंची पद्धतशीर यादी सुरू झाली. यादीत नाव आलं की खिडकी बदलायलाही परवानगी लागते. एका घरापुढे फळीवर जॅमच्या बरण्या आणि फुलांची रोपं मांडली होती, शेजारी पैसे टाकायचा डबा. विकायला कोणी नाही, विश्वासावर कारभार. मी बरणी उचलून बघत होते तेवढ्यात घरातल्या आजीबाई बाहेर आल्या. लेकीनं विचारलं, इथे राहायला आवडतं का? त्या म्हणाल्या, आवडतं, पण हिवाळ्यात गार पडतं, आणि उन्हाळ्यात लोक खिडकीला नाक लावून आत बघतात, त्यांना वाटतं आम्हीपण प्रदर्शनातल्याच! मग दारामागची बूट ठेवायची जागा दाखवत म्हणाल्या, घरात रोज चूल पेटली पाहिजे, नाहीतर घर आजारी पडतं.

मला एकदम सासूबाईच आठवल्या. शब्द वेगळे, भाषा तिसरीच, पण म्हणणं तेच.

पेल्याची गोष्ट

शेवटी सेंट सिरियाक चर्चमध्ये गेलो. बहुतेक बांधणी चौदाव्या-पंधराव्या शतकातली. या चर्चकडे पंधराव्या शतकातला चांदीचा, झाकणाचा एक पेला होता. मुळात कुठल्याशा श्रीमंताच्या मेजावरचा, पुढे चर्चच्या पूजाविधीत सुमारे चारशे वर्षं वापरलेला. त्या काळची घरगुती चांदी बहुतेक सगळी वितळवली गेली, म्हणून हा पेला दुर्मीळ. सुरक्षिततेसाठी अनेक वर्षं तो ब्रिटिश म्युझियमकडे ठेवायला दिलेला होता.

इकडे चर्चच्या इमारतीच्या दुरुस्तीला पैसा नव्हता. पेला विकायचा का? गावात मतभेद झाले. पूर्वजांनी देवाला दिलेलं आपण कोण विकणार, असं काहींचं म्हणणं. प्रकरण धर्मपीठाच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि परवानगी मिळाली. २०१३ साली ब्रिटिश म्युझियम आणि देवायझेसचं विल्टशर म्युझियम यांनी मिळून तो १३ लाख पौंडांना घेतला. पैसा दुरुस्तीला आला. चर्चकडे आता त्याची हुबेहूब प्रतिकृती आहे.

बरोबर केलं की चूक, यावर परतीच्या वाटेवर गाडीत आमचा वाद झाला. लेक म्हणाली, "आई, मूळ वस्तू गेली ती गेलीच." जावई म्हणाले, "छप्पर गेलं असतं तर पेला ठेवणार कुठे?" मी दोघांचं ऐकत होते. मला माझ्या घरचं उत्तर हवं होतं.

आमच्या वाड्याचं काय झालं

परत आल्यावर दिवाळीला सगळे जमले. मी फोटो दाखवले. कुडाची भिंत, चुन्याचं घमेलं, आजीबाईंचं दार. थोरले दीर म्हणाले, "वहिनी, तिथे ट्रस्ट आहे. इथे आपण आहोत." खरंच होतं ते. लेकॉकसारखं होणं आम्हाला शक्य नव्हतं आणि तसं मी म्हणतही नव्हते. माझं म्हणणं एवढंच होतं, की तिथल्या भिंती आपल्यापेक्षा वेगळ्या नाहीत. फरक आहे तो दर वर्षी हात फिरवणाऱ्या माणसाचा.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या कानडीत म्हणाल्या, परड्यामागची दोन गुंठे जागा विका. ती त्यांच्या नावावर होती, त्यांच्या वडिलांनी घेऊन दिलेली. घरात शांतता पसरली. आमचे हे पहिल्यांदा बोलले, "अव्वा, ती तुझी आहे." त्या म्हणाल्या, "मग मीच सांगतेय ना."

२०२४ च्या उन्हाळ्यात काम झालं. पडलेला मागचा भाग आम्ही सोडून दिला, सगळं वाचवणं झेपणारं नव्हतं. सोपा, माजघर आणि माडी ठेवली. सिमेंटचा गिलावा खरवडून काढला, तेव्हा आत दगड ओले निघाले. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला दोन महिने गेले. तालुक्यात जो सापडला तो सत्तरीचा होता, त्याच्या हाताखाली शिकणारं कोणी नव्हतं. दिरांच्या मुलानं त्याचं काम मोबाइलवर टिपून ठेवलं आहे. मालाचं प्रमाण किती, चुना किती दिवस भिजवायचा, सगळं.

घर आता भाड्यानं दिलं आहे. गावच्या शाळेतल्या मास्तरांचं कुटुंब राहतं. भाडं नावापुरतं, अट एकच लिहून घेतली, भिंतीला सिमेंट लावायचं नाही.

गेल्या महिन्यात सासूबाईंना घेऊन गेले होते. सोप्यात मास्तरांची धाकटी मुलगी पाटीवर कानडी अक्षरं काढत बसली होती. चुलीवर काहीतरी शिजत होतं, जोत्यावर कपडे वाळत होते. माजघराचा एक कोपरा अजून ओलाच आहे. तो सुकायला आणखी एक उन्हाळा लागेल, असं गवंडी म्हणाला आहे. सासूबाईंनी त्या कोपऱ्याला हात लावून बघितला, मुलीला जवळ घेतलं आणि तिला विचारलं, "निन्न हेसरेनु?" तुझं नाव काय?

वाड्याबद्दल त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत.